बुबुळाभोवतीची कड

एकोणचाळिसाव्या वर्षी मला जवळचं दिसेना. शाळेतले पेपर तपासताना अक्षरं धूसर व्हायची, म्हणून एका शनिवारी नागपुरात सीताबर्डीतल्या लहानशा चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदार साठीचे, कमी बोलणारे. नंबर काढून झाल्यावर ते टॉर्च लावून माझे डोळे बराच वेळ पाहत राहिले. माझ्या बुबुळांभोवती फिकट पांढरी कड होती. बाबांनाही होती. पोरीनं बापाचे डोळे घेतले, असं घरात सगळे म्हणत, आणि मला त्याचं कौतुकच वाटे.

“ह्यानं नजरेले काही होत नाही,” ते म्हणाले. “म्हातारपणी बऱ्याच जणांले येते. पण तुमच्या वयात दिसली, तर रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासून घ्या, ताई.”

चष्म्याला आलेल्या माणसाला हे कशाला, असं वाटलं. तरी सोमवारी उपाशीपोटी रक्त दिलं. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी आधी वडिलांची चौकशी केली. बाबा चव्वेचाळिसाव्या वर्षी, दुकानात बसल्याबसल्या गेले होते. एवढं कोलेस्टेरॉल घराण्यातून येऊ शकतं, भावालाही तपासा, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मला गोळी सुरू केली.

धाकटा भाऊ आमच्या गावी, खाप्याला, बाबांचंच कापडदुकान चालवतो. फोनवर त्यानं हसण्यावारी नेलं. रविवारी मी बस पकडून त्याच्या घरी गेले आणि त्याला दारातल्या उजेडात उभं केलं. त्याची कड माझ्याहून ठळक होती.

“काहून भेव दाखवून राहिली वं ताई? मले काहीच होत नाही.”

तेव्हा भावजय हळूच म्हणाली की गेल्या महिनाभरापासून जिना चढताना ते मध्येच थांबतात, छाती दाबून धरतात. तो तिच्याकडे पाहतच राहिला.

“बाबालेही काहीच होत नव्हतं,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर नागपूरला आला. तपासणीत हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या बऱ्याच अरुंद झालेल्या निघाल्या. त्या उघडून घेतल्या आणि आठवड्याभरात तो घरी गेला.

नंतर मी संत्र्याची बर्फी घेऊन त्या चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदारांना मी आधी आठवलेच नाही. सगळं ऐकल्यावर ते नुसतं “बरं झालं” म्हणाले आणि बर्फीचा तुकडा तोंडात टाकून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. मला बरंच काही बोलायचं होतं, ते राहून गेलं.

भावाच्या मुलीचंही रक्त तपासलं. ती अकरा वर्षांची आहे, तिच्या डोळ्यांत अजून काही दिसत नाही, पण कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. तिचे उपचार आत्तापासूनच सुरू झाले आहेत. बाबांना सांगणारं कोणी भेटलं नाही. तिला वेळेत भेटलं.