गयाबाईची नात वकिलीच्या परीक्षेला बसते

…तर नगरसेवकाच्या बायकोची ती पितळी कळशी गयाबाईनं उचलली आणि सरळ रांगेच्या शेवटाला नेऊन ठेवली. काल इथंच थांबलो होतो ना आपण? हां. कळशी घेऊन आलेली बाई तडकली. म्हणाली, "ओ मावशी, कळशी कुणाची आहे माहितीय का?" गयाबाई म्हणाली, "कळशी कधी आली तेवढं माहितीय. ती मागनं आली, मागं राहील." संपला विषय! त्या दिवसापासून बदलापूर गावात विहाराच्या गल्लीतल्या नळावर कुणाचं वाजलं की पोरं म्हणायची, हायकोर्टात जा. हायकोर्ट म्हणजे गयाबाईचा ओटा.

नळाचा कायदा साधा होता. पाणी यायच्या आधी ज्यानं भांडं रांगेत ठेवलं त्याचा नंबर लागला. माणूस घरी झोपलेलं असो नाहीतर कामावर गेलेलं असो, भांडं हजर पाहिजे. फुटकी बादली चालेल, तेलाचा डबा चालेल. हा कायदा कुणी केला ते कुणालाच ठाऊक नाही, पण राखायची गयाबाई.

आणि ह्या हायकोर्टाच्या घरातली नात, अस्मिता, वकिलीच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाली होती!

नापास म्हणजे तसं नव्हे. मार्क पडले, पण सीट मिळेल एवढे नाही. दोन हजार आठ साल. देशातल्या मोठमोठ्या लॉ स्कूलांची मिळून एकच परीक्षा त्या वर्षी पहिल्यांदा निघाली. तोवर गल्लीत वकील म्हणजे उल्हासनगरच्या कोर्टाबाहेर काळा कोट हातावर टाकून चहा पिणारा माणूस, एवढंच माहीत. बारावीनंतर पाच वर्षं होस्टेलला राहून वकिली शिकतात, हे अस्मितानं पेपरात वाचलं आणि तिच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलं. पहिल्या खेपेला हुकलं तेव्हा तिचा बाप महेंद्र, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतला मशिनिस्ट, रागावला नाही. मोजकं बोलणारा माणूस. म्हणाला, "अजून एकदा बस. पण एकदाच. नाही झालं तर बी.कॉम. पुरं करायचं आणि बँकेच्या परीक्षा द्यायच्या. कबूल?"

"कबूल," अस्मिता म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मग ती उल्हासनगरच्या कॉलेजात बी.कॉम.ला जायची आणि तिथूनच वाधवा सरांच्या क्लासला. क्लास उल्हासनगरातच, कॅम्प तीन म्हणतात त्या भागात, खाली मिठाईचं दुकान. शिकवणं सुरू झालं की जिन्यातून तुपाचा वास वर यायचा आणि निम्म्या वर्गाचं लक्ष जिलबीवर. इंग्रजी अस्मिताचं सुधारलं, गणित मुळात बरं होतं. गाडी अडायची ती कायद्याच्या प्रश्नांवर. आता तुम्ही म्हणाल, कायदा शिकायच्या आधीच कायद्याचे प्रश्न कसे? तर तसं नव्हतं. प्रश्नातच एक नियम दिलेला असायचा, खाली एक घडलेली हकीकत. दिलेला नियम त्या हकीकतीला लावायचा आणि उत्तरावर खूण करायची. बस्स.

एकदा नियम होता: परवानगीवाचून दुसऱ्याच्या जागेत शिरणारा दोषी, कारण काहीही असो. हकीकत अशी, की वादळात सापडलेला एक म्हातारा आसऱ्याला शेजाऱ्याच्या पडवीत शिरला. अस्मितानं झटकन खूण केली: निर्दोष.

वाधवा सरांनी कपाळावर हात मारला. "अस्मिता बेटा, नियम में बुढ्ढा लिखा है? तूफान लिखा है?"

"नाही सर. पण बिचाऱ्यानं जायचं कुठं?"

"मेरे घर आएगा! त्याची काळजी तू करू नको. तू अभी से जज मत बन. जज व्हायला टाइम आहे. आधी पेपर सोडव."

वर्ग खो खो हसला. अस्मिता हसली नाही. तिला खरंच कळत नव्हतं. लहानपणापासून ती आजीच्या ओट्यावर बसून निवाडे ऐकत आलेली, विहारातल्या रविवारच्या बैठकीत माणसाचं दुःख आधी बघा हेच कानावर पडलेलं. आणि इथं म्हाताऱ्याला वादळात बाहेर काढा म्हणतात! नऊ साल उजाडलं, सराव पेपरांचे ढीग झाले, पण त्या भागात मार्क काही हलेनात. तिची आई शीला जीन्सच्या कारखान्यातून शिलाई करून यायची. लेकीचा चेहरा बघून न विचारताच चहा टाकायची.

एप्रिलातली गोष्ट. सकाळी नळावर भांड्यांची रांग लागली होती आणि अस्मिता ओट्यावर पेपर सोडवत बसली होती. एवढ्यात रखमाबाई धावत आली, कडेवर रिकामा हंडा. तिच्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते, घरात प्यायला घोट नव्हता आणि गडबडीत हंडा रांगेत ठेवायचाच राहिला होता.

"गयाबाई, आज माझा आधी लाव गं. पाहुणे स्टेशनावर उतरलेत."

कौसाबाईचा पहिला नंबर होता. ती कमरेवर हात ठेवून तयारच. "माझा नंबर सोडणार नाही हां! सांगून ठेवते."

"तुझा सोड म्हटलं का कुणी?" गयाबाई म्हणाली. "रखमा, हंडा शेवटी ठेव."

अस्मिताला राहवेना. "आजी! तिच्याकडं पाहुणे आलेत ना!"

"पाहुणे तिच्या घरी आलेत, नळावर नाही आले. पाहुणे बघून नंबर द्यायला लागले, तर उद्या सगळ्यांच्याच घरी पाहुणे येतील."

रखमाबाईचा चेहरा उतरला. तिनं हंडा शेवटाला ठेवला. पाणी आलं. कौसाबाईनं भरलं, मग गयाबाईचा नंबर आला. गयाबाईनं आपला हंडा काठोकाठ भरला, उचलला आणि घरी न नेता सरळ रांगेच्या शेवटी गेली. रखमाबाईच्या हंड्यात तो पुरा ओतला आणि म्हणाली, "पळ आता. आणि पोरीला सांग, मान खाली घालून बसू नको म्हणावं."

"अगं, मग आपल्याला?" शीला दारातून ओरडली.

"आपण थांबू. आता शेवटचा नंबर आपला."

अस्मिता पेन्सिल हातात धरून बघतच राहिली. म्हणजे आजीनं नंबरही हलवला नाही आणि रखमाबाईला कोरडंही पाठवलं नाही. नंबर ठरवणारी आजी वेगळी, आपला हंडा ओतणारी आजी वेगळी. आणि परीक्षेत विचारतात ते फक्त नंबराचं! तुमच्या हंड्याचं तुम्ही काय करता, हे त्या कागदावर कुणीच विचारलेलं नाही. तिनं मांडीवरचा पेपर उलटा केला, पहिल्यापासून पुन्हा घेतला. प्रत्येक हकीकतीला एकच विचारायची: भांडं रांगेत होतं की नव्हतं? त्या आठवड्यात वाधवा सरांनी पेपर तपासला आणि चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं. "काय खाल्लंस, बेटा?" आणि खालच्या दुकानातून पाव किलो जिलबी मागवली. कधी नव्हे ते, स्वतःहून!

मे महिन्यात परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी सायबर कॅफेत पान उघडता उघडेना. महेंद्र मागं उभा राहून पडद्याकडं असा बघत होता, जणू लेथ मशीन अडकलंय आणि आता एक टप्पल मारली की चालू होईल. शेवटी उघडलं. रँकवर रायपूरचं लॉ स्कूल मिळत होतं. महेंद्र बाहेर जाऊन हातपंपावर तोंड धुऊन आला. शीलाला फोनवर नीट सांगायलाही त्याला जमेना. "झालं… झालं एकदाचं," एवढंच दोनदा म्हणाला.

आता निवड उरली. कारण बारावीच्या मार्कांवर मुंबईतल्या एका चांगल्या लॉ कॉलेजातही तिला जागा मिळत होती. रोज घरून जायचं, रोज घरी यायचं. महेंद्रचं मन तिकडं ओढत होतं. त्याचा हिंदुस्थान कल्याण स्टेशनापासून सुरू व्हायचा. जिथली गाडी कल्याणला थांबते ते गाव जवळ, बाकी सगळं परदेश. रायपूरची गाडी थांबत होती खरी, पण झोपून जावं लागतं ते त्याला जवळ वाटेना. अस्मिता म्हणायची, "बाबा, इथं सकाळची लेक्चरं झाली की पोरं नोकरीला पळतात. तिथं दिवसभर तेच. लायब्ररी, सरावाला खोटे खटले चालवायचे, सगळं." बाप ऐकायचा आणि म्हणायचा, "आजीला विचार."

हीच तर तिला धास्ती होती. जन्मापासून आजीच्या कुशीत झोपलेली पोर. आजी नको म्हणाली तर तिच्यावर अपील नव्हतं.

संध्याकाळी ओट्यावर सगळे जमले. कौसाबाई पहिली बोलली, "एवढी लांब पोरगी? काय बाई, मुंबईत काय वकील होत नाहीत?" रखमाबाई म्हणाली, "तू गप गं." महेंद्र जमिनीकडं बघत होता. गयाबाईनं तंबाखूची डबी बंद केली, सगळ्यांकडं एकवार पाहिलं आणि नळावर भांडण मिटवताना विचारायची तेच नातीला विचारलं.

"हंडा कुणी ठेवला?"

"मी ठेवला, आजी."

"मग ह्या बाकीच्यांना कशाला विचारत बसलीयस? तुझा नंबर लागलाय. जायचं का नाही, तेवढं सांग."

महेंद्रनं मान वर करून लेकीकडं पाहिलं. शीलानं पदर डोळ्यांना लावला आणि हसलीसुद्धा. अस्मिता आजीच्या पायाशी सरकली, तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली आणि म्हणाली:

"जायचंय. पण मी गेल्यावर तू सगळ्यांना पाणी ओतत सुटशील आणि आईला शेवटी उभं करशील, त्यामुळं उद्यापासून रांगेत आपली भांडी दोन ठेवायची. एक आपलं आणि एक तुझं ओतायचं."