गफूरभाईंनी न जुळवलेलं पान

गफूरभाई कंपोझिटर. जळगावात माझ्या छापखान्यात बावीस वर्षं उभं राहून शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होते आणि बावीस वर्षं माझं डोकं खात होते. लग्नपत्रिका असो की दुखवट्याची जाहिरात, आधी वाचणार, मग जुळवणार. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण कोण कुठे थापा मारतोय ते ओळीवर नजर टाकून सांगायचे.

१९६७ साली दलिचंद सेठ आत्मचरित्राची वही घेऊन आले. धुळ्याचे कापडाचे मोठे व्यापारी. एकसष्टीला पुस्तक वाटायचं होतं. माझ्यासाठी ते वर्षातलं सगळ्यात मोठं काम. मी हरखून गेलो. गफूरभाई मात्र तिसऱ्याच दिवशी सुरू झाले.

“भाऊ, उद्गारचिन्हांचे खिळे संपले. दुसऱ्याच प्रकरणात.”

मग दुपारी भाकरी मोडता मोडता त्यांनी सेठजींची लेखणी उलगडून दाखवली. काही चांगलं घडलं की सेठ ‘मी केलं’ म्हणतात, बिघडलं की ‘माणूस चुकतो’ म्हणतात. अडचणीची गोष्ट आली की वाचकालाच विचारतात, ‘तेव्हा दुसरं काय करता आलं असतं?’ आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या प्रकरणात शिरतात. हसून हसून माझी पुरेवाट झाली. खरं सांगायचं तर, बी.ए.ला मराठी घेऊनही मला हे दिसलं नव्हतं, याचा थोडा रागही आला.

चाळिसाव्या पानावर हसू थांबलं. ते पान गफूरभाईंनी जुळवलंच नाही. ते सेठजींच्या थोरल्या बहिणीबद्दल होतं. गुलाबबाई, साक्रीला राहायच्या, सेठ त्यांना जीजी म्हणत. लहानपणीच विधवा झाल्या, आणि आईबापांमागे त्यांनीच सेठजींना वाढवलं. ‘त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, करुणेचा सागर…’ अशी सात विशेषणं, की संपलं पान.

“तुम्हाला काय करायचंय? जुळवा,” मी म्हणालो.

“सेठजींना विचारल्याशिवाय नाही.”

“सेठ वही उचलून गेले, तर उद्यापासून तुम्हीही येऊ नका.”

तोंडातून निघून गेलं खरं, पण मी ते मागे घेतलं नाही.

संध्याकाळी सेठ प्रूफं बघायला आले. गफूरभाई मूळचे चाळीसगावकडच्या खेड्यातले, मुद्द्याचं बोलायचं झालं की खानदेशीवर यायचे.

“सेठजी, हाई बठ्ठं गोड शे. पन यामा जीजी कोठे शे?” सगळं गोड आहे, पण यात जीजी कुठे, असं ते विचारत होते.

“एवढं कौतुक केलंय ना!” सेठ गरजले.

“असं आम्ही दुखवट्यात छापतो,” गफूरभाई शांतपणे म्हणाले. “जीजी तर आहेत ना, साक्रीला?”

सेठजींचा चेहरा लालबुंद झाला. गेलं काम, मी मनात म्हटलं, आणि गेले गफूरभाई. पण सेठ बाकावर बसले आणि माझ्याकडून पेन मागून घेतलं. त्यांनी लिहिलं:

‘मला शिकवायला जीजी लोकांच्या घरी पापड लाटायची. मी शिकलो. ती विधवा, म्हणून माझ्या लग्नात मी तिला मांडवात येऊ दिलं नाही. ती आत चुलीपाशी बसून होती.’

गफूरभाईंनी वाचलं आणि लगेच जुळवायला घेतलं. मला माझीच भयंकर लाज वाटली. सेठ गेल्यावर मी माफी मागितली, तर म्हणाले, “भाऊ, आधी शाई बघा.”

त्या पानाचं प्रूफ घेऊन सेठ स्वतः साक्रीला गेले. जीजींना वाचता येत नव्हतं, यांनी वाचून दाखवलं. चौथ्या दिवशी परतले ते माझ्याकडे न बघता थेट गफूरभाईंपुढे जाऊन उभे राहिले.

“एक गोष्ट राहिली, जीजी म्हणाली.”

“कोणती?”



“त्या दिवशीची लापशी तिने केली होती. ‘सगळ्या वऱ्हाडाने मागून मागून खाल्ली,’ म्हणाली, ‘मला वाढायचं कोणाला सुचलं नाही. ते लिही.’”