नसरापूरच्या बाजारातलं दावं

माझं माहेर पुण्याचं, आणि तेव्हा मला त्याचा भारी तोरा होता. मंडईतल्या माळणींशी घासाघीस करून मी लहानाची मोठी झाले होते, मला कोण फसवणार! लग्नानंतर हे वरव्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागले आणि मी त्या खेड्यात संसार मांडला. पुण्याची मोटार धुरळा उडवत जाताना दिसली की ती वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहायची. आठवड्याचा बाजार नसरापूरला भरायचा. त्याला मी नाक मुरडायची. आज त्या बाजाराचं नाव कुणी काढलं तरी माझे हात आपोआप जुळतात. असं का, तेच सांगते.

माझी लेक सात महिन्यांची असताना मला हिवतापानं धरलं आणि माझं दूध आटलं. गाईचं दूध पाजलं की पोर भडाभडा ओकायची. मांड्यांचं मांस गेलं, कातडी लोंबायला लागली, रडणंसुद्धा मांजराच्या पिल्लासारखं बारीक झालं. भोरच्या वैद्यांनी तिला तपासलं आणि म्हणाले, "शेळीचं दूध द्या, ताजं. आणि उशीर करू नका." शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला जे कळायचं ते कळलं.

गावात दुभती शेळी कुणी विकेना. मग पुढच्याच बाजाराला आम्ही दोघं पोरीला घेऊन नसरापूरला चालत गेलो. बाजार चांगला भरला होता. भोंगवलीकडचे शेतकरी घेवडा आणि वांगी घेऊन बसलेले, कुंभारणी मडक्यांवर बोटं वाजवून दाखवताहेत, वेल्ह्याच्या डोंगरातली माणसं हिरड्याची पोती टाकून उन्हात डुलक्या घेताहेत. एरवी मी चार ठिकाणी थांबले असते. त्या दिवशी सरळ गुरांच्या बाजारात शिरले.

तिथे चिंचेखाली एक धनगरीण उभी होती. चाळिशीची असेल. उंच, उन्हानं रापलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिच्याजवळ एकच शेळी, काळी, पांढऱ्या कानांची. करडू मोठं झालं होतं, ते वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यावरच ठेवलंय म्हणाली. तिनं दोन धारा काढून दाखवल्या. दूध दाट होतं. मी माझी पुणेरी घासाघीस केली, तिनं ती मुकाट्यानं ऐकून घेतली, आणि सौदा झाला. सगळा वेळ तिची नजर शेळीवर नव्हती, माझ्या खांद्यावरच्या पोरीवर होती. ते मला तेव्हा जाणवलं नाही.

पैसे कनवटीला लावून तिनं शेळीच्या गळ्यातलं दावं सोडलं, आपल्या मनगटाला गुंडाळलं आणि चालायला लागली. आणि शेळी मोकळी! मी झडप घालून तिचा कान धरला.

"अगं ए बाई! दावं कुठं घेऊन चाललीस?"

"दावं न्हाई द्यायचं, बाई. दावं दिलं तर वाड्यावरची लक्ष्मी जाती. तुमी तुमचं आणलं न्हाई व्हय?"

आता हे मला कुणी सांगितलं होतं? जनावर विकत घेणाऱ्यानं दावं घरून न्यायचं, ही तिकडची रीत. शेंबड्या पोरालाही माहीत, म्हणून कुणी सांगितलीच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, वीतभर दोरीत जीव अडकलाय का तुझा? असल्या कसल्या खुळ्या समजुती? घे, घाल ते दावं स्वतःच्याच गळ्यात! भोवती माणसं जमली. हे माझा पदर ओढत "अगं, पुरे, पुरे" म्हणत होते. ती बाई नुसती मनगटावरचं दावं दुसऱ्या हातानं धरून उभी राहिली.

शेवटी यांनी बाजारातूनच सुंभाची दोरी आणली. शेळी चार पावलं चालायची आणि पाय रोवून उभी राहायची. निम्मी वाट यांनी तिला ओढत नेली, निम्मी उचलून. मास्तरांच्या खांद्यावर शेळी पाहून अख्ख्या वरव्याची करमणूक झाली.

पण घरी आल्यावर हसणं संपलं. शेळी नुसती ओरडत राहिली. पाल्याला तोंड लावीना, सडाला हात लावू देईना. शेजारणीनं करून पाहिलं, तिलाही लाथ बसली. पोर साखरपाण्यावर होती. सकाळपर्यंत तिचं रडणंही थांबलं, आणि ते थांबलेलं मला त्या शेळीच्या ओरडण्याहून जास्त ऐकू यायला लागलं. मी दारात बसून राहिले. देवाला काय बोलायचं तेही सुचेना.

ऊन ओट्यावर आलं तशी समोरच्या बांधावरून कुणीतरी झपाझप येताना दिसलं. ती धनगरीण! तिची माणसं पहाटेच वेल्ह्याकडे परत निघाली होती. त्यांना पुढं धाडून, मास्तराचं घर विचारत विचारत ती उलट्या दिशेनं आली होती. मला वाटलं, कालचं भांडण पुरं करायला आली. लायकी तीच होती माझी.

ती थेट शेळीजवळ गेली, सुंभाची दोरी काढून फेकली आणि मनगटावरचं काळं, लोकरीचं दावं तिच्या गळ्यात घातलं. शेळीनं ते हुंगलं. हुंगतच राहिली. त्या दाव्याला तिच्या करडाचा, कळपाचा वास असणार. बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, "च्च, च्च" केलं आणि खाली बसून धार काढली. दाव्याचा गुण की त्या हाताचा, मला ठाऊक नाही. दूध तांब्यात वाजलं तेव्हा मला हुंदका फुटला.

बोंडल्यानं पहिले चार घोट पोरीच्या पोटात गेले आणि राहिले. मग मी म्हणाले, "तुमची लक्ष्मी जाईल ना हो?" त्या घटकेपासून मला तिला 'तू' म्हणवलं नाही.

"माज्या वाड्यावर लई शेरडं हायती," ती म्हणाली. "एखादं गेलं तर जाऊ द्या. तुमचं हे एकच हाये."

तिनं मला धार काढायला शिकवलं, ओट्यावर बसून चहा घेतला, पेला स्वतः विसळून ठेवला आणि एकटी डोंगराच्या वाटेला लागली. मी तिला नावसुद्धा विचारलं नाही. माझ्यासारखी करंटी मीच.

पोर त्या दुधावर वाढली. दीड वर्षानं यांची पुण्याला बदली झाली तेव्हा मी आनंदानं नाचायला हवं होतं, पण मला भलतीच काळजी लागली, त्या दाव्याची. शेळी शेजारणीला दिली. न्यायला येताना तिनं आपलं दावं आणलंच होतं. ते काळं दावं मी पिशवीत घातलं आणि दर बाजाराला घेऊन जायला लागले. ती दिसेना. पुण्याला निघायच्या आधीचा शेवटचा बाजार आला, आणि त्याच चिंचेखाली ती उभी!

मी धावत गेले, पिशवीतून दावं काढून तिच्यापुढं धरलं. "तुमचं दावं," मला धाप लागली होती. "परत आणलंय."

तिनं हात मागं घेतला. चेहरा एकदम उतरला. दाव्याकडे पाहिलं, मग माझ्या रिकाम्या खांद्याकडे. माझ्या मेलीच्या तेव्हा लक्षात आलं, तिला काय वाटलं असेल ते.

मी वळून जोरात हाक मारली. चुरमुऱ्यांच्या पाटीपाशी यांचं बोट धरून उभी असलेली माझी लेक ते बोट सोडून, दोन्ही मुठींत चुरमुरे घेऊन, गर्दीतून दुडूदुडू पळत आली.

धनगरीण मट्‌कन खाली बसली. तिनं पोरीच्या मांड्या चाचपून पाहिल्या, गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि डोळे पुसत माझ्याकडे हात पुढं केला.

"द्या," म्हणाली. "आता घेते."