भरल्या गाडीची चाल

माझ्या थोरल्या भावानं घरी गाडी बांधली, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. ऐकणारा विचारतो, "कुठल्या कारखान्यात?" तेव्हा मला फार मजा येते. अहो, गोठ्यात. बहात्तरचा दुष्काळ होता, बैल छावणीला गेले होते, गोठा मोकळाच होता.

श्रीगोंद्याच्या पलीकडचं आमचं गाव. विहिरी आटल्या होत्या आणि पाणी होतं दोन ओढे ओलांडून, खडकातून गेल्यावर. तिथं सरकारी टँकर यायला तयार नव्हता. दादानं लष्कराच्या लिलावातला एक सांगाडा आणला. इंजिन जिवंत, चारही चाकांना जोर, फक्त कमानी मोडलेल्या. कमान म्हणजे पोलादाचे वाकडे पाटे एकावर एक रचलेले. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर झुलतं. दादानं भंगारातून मोठ्या ट्रकचे पाटे आणले. केडगावचा एक मिस्त्री भट्टीत ते लाल करायचा, मी घण घालायचो, दादा वाक मापायचा, आणि मग पाटा जळक्या तेलात बुडवला की असा धूर निघायचा की शेजारीण आम्हाला शिव्या देत घरात पळायची.

दहा पिंपांचं ओझं पेलायचं म्हणून दादा पाट्यांवर पाटे चढवत गेला.

मिस्त्री म्हणाला, "शेट, एवढे घातले तर रिकामी गाडी लाथा झाडंल."

"झाडू दे. रिकामी जाताना आत मीच असणार."

मिस्त्रीचं खरं ठरलं. भरलेली गाडी पोट भरलेल्या म्हशीसारखी डुलत यायची. रिकामी मात्र प्रत्येक दगडाचा सूड घ्यायची. पाणी आणायला जाताना आम्ही उभ्यानंच जायचो. एकदा एक तलाठी रुबाबात मागं बसला. पहिल्या ओढ्यातच तो उतरला आणि उरलेला रस्ता टोपी काखेत धरून चालत आला. गावाला ते महिनाभर पुरलं. हसायला दुसरं काही नव्हतंच.

मग वहिनीचे दिवस भरले. पहिलटकरीण. रात्रभर तिनं कळा दिल्या, मग सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "मूल आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई हे. दवाखाना गाठा."

त्याच वेळी दादा पाणी घेऊन गावात शिरला होता. हंड्यांची रांग लागलेली. निरोप ऐकून त्यानं उडी मारली आणि पिंपाची नळी सोडायला धावला. पाणी वाटून गाडी हलकी करायची आणि पळवायची, एवढंच त्याच्या डोक्यात.

रांगेत पहिली होती आमच्या भावकीतली एक काकू. नंबरावरून आमच्याशी तिचं रोज वाजायचं. तिनं नळीवर हात ठेवला.

"रिकामी करून नेतोस व्हय तिला? मी बसलेय त्या गाडीत. आठ दिस पाठ धरली हुती. दगडावर आपटून मारशील पोरीला. भरलेली ने."

मागून एकजण कुरकुरला, "आन् आमी काय प्यावं? डिझेल?"

"कालचं थुंक गिळ," काकू म्हणाली आणि आपला हंडा पालथा घातला. मग एकेक हंडा पालथा होत गेला. कुणी खुशीनं घातला असं मी म्हणणार नाही.

पिंपांच्या मधे गोधड्या घालून वहिनीला निजवलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ओढा आला, खडक आला, आणि ती अवजड गाडी इतकी हळुवार चालली की मला दादाच्या पाट्यांचा अभिमान वाटला. तशा वेळीही वाटला. वहिनी डोळे मिटून एकच विचारत होती, "भावजी, पाणी सांडतंय का?"

"न्हाई वहिनी."

सांडत होतं.

वहिनी वाचली. मूल गेलं, मुलगा होता. डॉक्टरांना पिशवीही काढावी लागली. दादानं बाळाला ओढ्याकाठी पुरलं आणि संध्याकाळी गाडीतलं तेच पाणी गावात आणलं. विटाळाचं कुणीतरी पुटपुटलं. पण घशाला कोरड पडली की विटाळही जरा दमानं घेतो. एक थेंब उरला नाही.

दुसऱ्या दिवशी दादानं गोठ्यात गाडीखाली सरकून दोन्ही मागच्या कमानींतले तीन-तीन पाटे काढले. गाडी रिकामी असतानाही मऊ चालू लागली, पण आता सहाच पिंपं पेलायची. रांगेचं शेपूट रोज कोरडं परतायचं. काकूचा नंबर गेला तरी ती भांडली नाही. त्याचीच मला भीती वाटायची.

वहिनी घरी आली. भिंतीला टेकून तिनं दोन दिवस ती रांग पाहिली. तिसऱ्या दिवशी दादाला म्हणाली, "काढलेले पाटे घाला परत."

"रिकामी लई आदळती गं. कुणाला न्यायची वेळ आली तर?"

"तवा भरून न्या. काकू हाय सांगायला." मग म्हणाली, "मला न्हाई लागायची आता ती गाडी."

दादा गाडीखाली गेला. बराच वेळ नुसता पान्ह्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मी खाली वाकून पाहिलं, पान्हा त्याच्या हातातून काढून घेतला आणि उरलेले नट मीच आवळले.