सव्वाअकराची तीन मिनिटं

अख्ख्या सिंधुदुर्गात इंटरनेटवर रागवायचा अधिकार फक्त एका माणसाला आहे आणि तो आमच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडे राहतो. बाकीचे आम्ही नुसते कुरकुरतो. लाईन गेली की मोबाईल उंच धरून अंगणात चार फेऱ्या मारतो, कंपनीला दोन शिव्या घालतो आणि जेवायला बसतो. आमच्या शेजाऱ्यांचा राग असा हंगामी नाही. तो अभ्यासातून आलेला आहे, वहीत लिहून ठेवलेला आहे आणि मागितल्यास तारीखवार दाखवता येतो.

गाव त्यांना तारमास्तर म्हणतं आणि या नावापासूनच त्यांच्या तक्रारींना सुरुवात होते. ते पोस्टात कधीच नव्हते. मालवाहू जहाजांवर ते रेडिओ ऑफिसर होते. समुद्रात कुठेतरी एका खोलीत बसून, कट्ट-कडकट्ट करत ठिपके आणि रेघांच्या भाषेत किनाऱ्याशी आणि इतर जहाजांशी बोलायचं, हे त्यांचं काम. "तार नाय हां गुरुजी, बिनतारी!" असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत बजावलं. (मी गावच्या शाळेत शिक्षक होतो, त्यामुळे मला असं बजावलेलं ऐकून घ्यायची सवय नव्हती.) पुढे उपग्रह आले, ती नोकरीच जगातून गेली आणि त्यांच्या खोलीत जहाजाचे कांदे-बटाटे ठेवू लागले. दुसरा एखादा या अपमानाने यंत्रांचा वैरी झाला असता. हे गृहस्थ घरी येताना कॉम्प्युटर घेऊन आले. "यंत्र माज्यापेक्षा बरा ऐकता," ते म्हणतात. "ऐकणत नाय ती माणसां."

त्यांच्या घरात वाय-फाय नाही. ज्याने सगळी हयात हवेतून बोलण्यात घालवली, त्याचा हवेवर काडीचा विश्वास नाही. नाताळात मुंबईहून आणि गोव्याहून पाहुणे येतात, टेकायच्या आधी "काका, वाय-फाय?" म्हणून विचारतात आणि मास्तर टेबलाखालून निळी वायर ओढून त्यांच्या हातात देतात. पाहुणा एकदा वायरीकडे बघतो, एकदा आपल्या फोनकडे बघतो आणि केक खायला जातो. कॉम्प्युटरने न विचारता स्वतःत सुधारणा करून घेतलेल्या त्यांना खपत नाहीत. "माज्या घरात येवन माजीच चूल हलयतत, आणि वर इचारतत, आता बरा वाटता मां?" आणि मदतकेंद्राच्या 'एकदा बंद करून पुन्हा चालू करा' या मंत्रावर त्यांचं मत असं, की भर दर्यात इंजिन बंद करून परत चालू करतो म्हणणारा इंजिनीअर त्यांच्या कप्तानाने पाण्यात सोडला असता, आणि त्यालाही सांगितलं असतं, एकदा बुडून परत वर ये.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा भिंतीवर टांगलेला आहे. जहाजावरून आणलेलं ते घड्याळ. त्याच्या तबकडीवर लाल रंगाच्या दोन फाका आहेत, एक सव्वाच्या पुढे तीन मिनिटं आणि एक पाऊणच्या पुढे तीन मिनिटं. त्या काळी या मिनिटांत जगातल्या सगळ्या रेडिओ ऑफिसरांनी आपापलं बोलणं थांबवून फक्त ऐकायचं, असा नियम होता. कुठे कोणी बुडत असेल, त्याची क्षीण हाक इतरांच्या बडबडीत हरवू नये म्हणून. नियम गेला, ती जहाजं भंगारात गेली, पण आमच्या गावात तो अजून लागू आहे. घड्याळाचा काटा लाल फाकेत शिरला की मास्तर बोट वर करतात आणि घरातलं बोलणं, कुकर सोडून, थांबतं. त्यांची बायको ही सगळ्या वाडीने मावशी म्हणावी अशी बाई. ती मला एकदा म्हणाली, "आमची भांडणां सत्तावीस मिन्टांचीच, गुरुजी. मगे तीन मिन्टां गप रवूचा लागता. आणि मगे खंयचा भांडाण होता, ताच आठवणा नाय."

घरातल्या घरात हे चाललं असतं तर मी कौतुकाने पाहत राहिलो असतो. पण एके दिवशी ते गडग्याशी आले आणि म्हणाले, "गुरुजी, सव्वाअकराक तुमचो पंप बंद ठेवशात? तीनच मिन्टां." माझा विहिरीचा पंप अकराला सुरू होतो आणि आवाजाच्या बाबतीत तो अजिबात संकोची नाही. बाकीच्या वेळी चालेल, पण सव्वाअकराला नको. मला वाटलं, हे वेड आता गडगा ओलांडायला लागलं. मी "बघू" म्हणालो. आमच्याकडे 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो. पुढे दोन-तीन महिने मी तो पंप सव्वाअकराला मुद्दाम चालू ठेवला, हे इथे कबूल करतो.

त्यांची दुसरी संस्था म्हणजे वही. जहाजावर जे ऐकलं ते, ज्या वेळेला ऐकलं त्या वेळेसकट लिहायचं, आणि नाही ऐकलं तर 'काही ऐकू आले नाही' असं लिहायचं. मनाचं काही घालायचं नाही. त्याच पद्धतीने ते इंटरनेटची नोंद ठेवतात. 'सकाळी ९.४०. लाईन गेली. कारण: वांदर, तीन, मोठे.' आमच्याकडे केबल विजेच्या खांबावरून माडावर, माडावरून आंब्यावर आणि आंब्यावरून जमेल तिथे जाते, आणि मास्तरांचं घर रस्त्याचं शेवटचं, समुद्राला लागून, त्यामुळे सगळ्यांच्या वाट्याची माकडं त्यांच्याच वाट्याला येतात. मदतकेंद्राला फोन केला की ध्वनिमुद्रित बाई सांगते, लाल दिवा असेल तर एक दाबा, दिवाच नसेल तर दोन दाबा. "आणि वांदर आसात तर?" मास्तर तिला विचारतात. ती म्हणते, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

लाईन दुरुस्त करायला कंपनीतर्फे बाबल येतो. पन्नाशीचा, पोट सुटलेला, पण माडावर चढताना ते पोट कुठे जातं कळत नाही. बाबल आला की आपल्या फोनवर वेग मोजून दाखवतो. "बघा मास्तर, शंभर येता!"

"शंभर काय करू?" मास्तर उसळतात. "माका उधळणारो पाडो नको रे, नांगराक सरळ चलणारो बैल व्हयो. पाणी किती येता ता बघू नको. धार तुटता काय, ता बघ."

"पण शंभर येता मां?"

"तुज्या कंपनीक एकच आकडो येता!"

मलाही तेव्हा बाबलचं म्हणणं पटायचं. घरात दोन माणसं. ना सिनेमे बघत, ना खेळ खेळत. एवढी अखंड धार कोणाला पाजायची आहे, असं मी मनात म्हणायचो.

गेल्या वर्षी कंपनीने गाव डिजिटल झाल्याचा समारंभ केला. गावातल्या निम्म्या घरांत त्या दिवशी लाईन नव्हती, पण समारंभाला लाईन लागत नाही, मांडव लागतो. शाळेसमोर कमान उभारली, तिच्यावर प्रमुख पाहुण्यांचा वीस फुटी कटआऊट, डोक्याला फेटा. मला ज्येष्ठ नागरिक म्हणून पुढच्या रांगेत बसवलं होतं आणि शाल-श्रीफळ मिळणार होतं. मालवणच्या माणसाचा नारळ देऊन सत्कार करायची कल्पना ज्याला सुचली, त्याला माझे नमस्कार. मग पाहुणे मोठ्या पडद्यावर कुणकेश्वरच्या एका विद्यार्थिनीशी थेट बोलले. पाहुण्यांनी प्रश्न विचारायच्या आधीच तिने उत्तर दिलं, तेव्हा मला जरा शंका आली. पण पाहुण्यांना नाही आली. ते भाषणात रंगले. "आज या गावातला शेवटचा माणूस जगाशी जोडला गेला आहे!"

आणि मांडवाच्या तोंडाशी शेवटचा माणूस उभा होता. हाफ पँट, बनियन, घामाने निथळत, आणि हातात केबलचं कापलेलं टोक. लाईन गेल्यावर घरापासून एकेक माड बघत ते कमानीपर्यंत आले होते. कटआऊटमधल्या पाहुण्यांच्या फेट्याला केबल लागत होती म्हणून मांडववाल्यांनी केबलच कापून टाकली होती.

"ह्या बघा," ते टोक वर करून मास्तर म्हणाले. "शेवटचो माणूस तो मीच!"

मागच्या रांगांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी घड्याळ पाहिलं, मग मला शोधलं. "गुरुजी, मोबायल आसा मां? सड्यार चला. आत्ताच्या आत्ता."

"अहो, पण माझा सत्कार..."

"तुमचो नारळ खंय पळान जाणा नाय!"

त्या माणसाला मी रागावलेलं हजार वेळा पाहिलं होतं, घाबरलेलं तेव्हाच पाहिलं. मी उठलो. सडा म्हणजे आमच्या गावावरचं जांभ्या दगडाचं पठार. मोबाईलवर इंटरनेट मिळतं ते तिथेच. वाटेत घरून त्यांनी आपला कॉम्प्युटर, म्हणजे लॅपटॉप, घेतला आणि रिक्षात बसल्यावर मला प्रथमच सगळं सांगितलं.

कोचीनला त्यांचा एक मित्र होता. तोही रेडिओ ऑफिसर, त्याच कंपनीत, पण कायम दुसऱ्या जहाजावर. वीस-बावीस वर्षं दोघं ठिपक्या-रेघांनी बोलले, एकमेकांचं तोंड न बघता. "त्याचो हात मी वळखतंय," मास्तर म्हणाले, "तुमी पोरांचा अक्षर वळखतास तसो." दोन वर्षांपूर्वी मित्राला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर, पोरगी, सगळे त्याच्याशी बोलत, पण त्याला काही सांगता येईना. एके दिवशी तो डाव्या हाताने ताटावर चमचा आपटत होता. घरच्यांना वाटलं, चिडला आहे. मुलीने सहज मास्तरांना फोन करून कॉम्प्युटरवर दाखवलं. तो चिडलेला नव्हता. तो बोलत होता. तेव्हापासून रोज सव्वाअकराला तो बोलतो आणि मास्तर लिहून घेतात, आणि मुलीला सांगतात की बाबांना उशी उंच हवी आहे, की सांबारात मीठ कमी असतं.

"मग साधा फोन का नाही करत?" मी विचारलं.

"फोनाक ठोकणां म्हणजे कचरो वाटता. माणसाचा बोलणां ठेवता आणि ठोकणां गाळून टाकता. कोणी सांगल्यान तेका?" कॉम्प्युटरवर ती गाळणी त्यांनी बंद करून घेतली होती. आणि धार तुटली, की दोन ठिपक्यांची एक रेघ होते, आणि माणूस म्हणतो एक नि कळतं भलतंच.

मला माझा पंप आठवला.

सव्वाअकराला सड्यावर, माझ्या मोबाईलच्या जोरावर, पडद्यावर वेताच्या खुर्चीतला एक वाळलेला म्हातारा दिसला. डाव्या हातात चमचा, समोर लाकडी पाट. मास्तर उकिडवे बसले, पेन्सिल सरसावली. ठोके आले, अडकले, मग पाच-सहा एकदम अंगावर आले. वहीत अक्षरांपेक्षा भोकंच जास्त झाली. शेवटी तो एकच खूण पुन्हा पुन्हा देत राहिला. लांब, आखूड, लांब.

"म्हणजे काय?"

"तू बोल," मास्तर म्हणाले. "आता तुजी पाळी."

त्यांनी पेन्सिल उलटी धरून दगडावर ठोकायला सुरुवात केली आणि चित्र थिजलं. चमचा हवेत राहिला. मास्तरांनी पेन्सिल दगडावर ठेवली. "शंभर येता म्हणता," एवढंच हळू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा संदेश आला, 'आपल्या तक्रारीचे यशस्वीरीत्या निवारण झाले आहे.' मास्तरांनी वहीत लिहिलं, 'संदेश आला. खोटा.' समारंभ संपला तरी कटआऊट उतरेना, कारण तो उतरवायचा अधिकार कोणाचा हे ठरत नव्हतं, आणि तो उतरल्याशिवाय केबल जोडायला परवानगी नव्हती. आठ दिवस मी त्यांना स्कूटरवर घालून सड्यावर नेत होतो. एकदा आम्ही दोघं तालुक्याच्या ऑफिसात गेलो. काचेचा दरवाजा, आत प्लास्टिकचं झाड. साहेब नम्रपणे म्हणाले, "सर, आमच्या सिस्टीममध्ये आपली तक्रार बंद दिसते आहे."

"माझ्या घरात लाईनही बंदच दिसते," मास्तर ठेवणीतल्या मराठीत म्हणाले. "म्हणजे आपलं एकमत आहे."

आणि मग मी, उभ्या आयुष्यात वर्गाबाहेर आवाज न चढवलेला माणूस, ओरडलो, "अहो, त्या माणसाला बोलता येत नाही!"

"कोणाला सर? ग्राहकाला?" साहेबांनी विचारलं आणि तसं लिहून घेण्यासाठी पेन काढलं.

शेवटी मी बाबलला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो माझ्यावरच भडकला. "मगे ह्या आधी सांगूक काय झाला होता? मी शंभर-शंभर करत रवलंय!" रविवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, तो स्वतःची शिडी घेऊन आला, पाहुण्यांच्या फेट्याला आरपार भोक पाडलं आणि त्यातून केबल ओढून घेतली. "कोणी इचारल्यान तर सांगा," वरून तो म्हणाला, "सायबाच्या डोक्यात शेवटचो माणूस घातलंय."

त्या दिवसापासून लाईन एकदाही तुटली नाही. माकडंसुद्धा फेट्याला बिचकत असावीत. पुढे कटआऊट गेला, केबल राहिली. सव्वाअकराला माझा पंप बंद असायचा आणि पलीकडून मास्तरांच्या पेन्सिलीचे ठोके ऐकू यायचे, मध्येच त्यांचं हसणं. ठोक्यांत विनोद कसा करतात, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

कोचीनचे गृहस्थ नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात गेले. मुलीचा फोन आला, साधा फोन, आणि तो मात्र अगदी स्पष्ट ऐकू आला.

परवा मी सकाळी वाटीभर मीठ मागायला पलीकडे गेलो होतो. मावशी मीठ घेऊन आली, घड्याळाकडे बघून दारातच थांबली. काटा लाल फाकेत शिरला होता. मास्तर कॉम्प्युटरसमोर कानाला हेडफोन लावून बसले होते. पडदा कोरा होता. आम्ही तिघंही गप्प होतो. बाहेर समुद्र होता, पण तो काय, असतोच. तीन मिनिटांनी त्यांनी हेडफोन काढला, वही ओढली आणि लिहिता लिहिता मान वर न करता म्हणाले, "लावा आता तुमचो पंप, गुरुजी."

मी हललो नाही. उलट्या बाजूने मी वाचत होतो.

'११.१५ ते ११.१८. लाईन उत्तम. काही ऐकू आले नाही.'