मेलेल्या बाबांचा फोन

...आणि फोन वाजला. बाबा पलंगावर मरून पडलेले, अंगावर पांढरी चादर, पोरगी उशाशी बसून शेवटचं बोलतेय, लोक श्वास धरून ऐकताहेत, आणि कोपऱ्यातल्या तिवईवरचा फोन ट्रिंग ट्रिंग करून कोकलायला लागला! नाटकात तिथं फोन वाजायचाच नाही. मग उचलायचा कुणी? पोरीचं काम करणारी नटी दगडासारखी बसली. बाबांचं काम करणारा नट मात्र जुनं खोड, फोन वाजला की उचलायचा ही जन्माची सवय. त्यानं एक डोळा उघडला, हात निम्मा वर केला, आणि मग बिचाऱ्याला आठवलं की आपण गेलोय. हात गुपचूप खाली. मग काय विचारता! पुढच्या रांगेपासून माडीपर्यंत हशा. तिकडे विंगेत टेबलामागे बसलेल्या गडगडेंना वाटलं, जमीन फाटावी आणि तिनं आपल्याला लॅपटॉपसकट पोटात घ्यावं.

गडगडे हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नाटकमंडळींनी ठेवलेलं. दिवसा ते वाचनालयात पुस्तकं द्यायचे-घ्यायचे आणि संध्याकाळी नाटकाचे आवाज काढायचे. पत्रा हलवला की ढग, परातीत वाटाणे फिरवले की पाऊस, दोन फळ्या एकमेकींवर आपटल्या की बंदूक. त्यांचा गडगडाट ऐकून पुढच्या रांगेतल्या बायका पदर सावरायच्या, म्हणून हे नाव. वय झालं तसा खांदा दुखायला लागला, पत्रा उचलवेना. दुसरा कुणी म्हणाला असता, पुरे आता. हे गृहस्थ वाचनालयातल्या मागच्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून बसले. कॉम्प्युटरवर आपला आपण प्रोग्राम कसा बनवायचा, याचं. ते पुस्तक त्यांच्याआधी कुणी घरी नेलेलं नव्हतं, आणि नंतर इतरांना मिळालंच नाही.

ती करामत भारी होती, बरं का. पडद्यावर एक रिकामी खिडकी. तिच्यात माउसनं बटणं आणून ठेवायची, चित्र काढल्यासारखी. 'ढग', 'पाऊस', 'दार', 'फोन'. मग बटणावर दोनदा टिचकी मारली की त्याच्या पाठीमागचं पान उघडायचं. त्या पानावर लिहायचं, हे बटण दाबल्यावर काय करायचं. त्या लिखाणाला स्क्रिप्ट म्हणतात. गडगडे हरखून गेले होते. बायकोला म्हणाले, "अगं, नाटकाला संहिता असते तशी आता माझ्या प्रत्येक आवाजाला संहिता आहे!"

बायको म्हणाली, "असू दे. गॅस बंद केलात का?"

तर त्या प्रयोगाला हशा झाला, तो पहिला. पुढच्या प्रयोगाला ठरल्या जागी ठरलेला फोन नीट वाजला, तो डॉक्टरांचा. आणि मरणाच्या प्रवेशात, पोरीचं बोलणं रंगात आलं असताना, तोच फोन पुन्हा वाजला! या खेपेला बाबा लाकडासारखे पडून राहिले. पण नटी हुशार. ती सावकाश उठली, फोन उचलला, क्षणभर ऐकल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाली, "नाही. बाबा आता फोनवर येऊ शकत नाहीत." फोन खाली ठेवला आणि परत उशाशी जाऊन बसली. कुणी हसलं नाही. नाकं ओढल्याचे आवाज तेवढे आले.

दिग्दर्शकाला त्याचं काय? त्याच्या कानात फक्त घंटी. पडदा पडायच्या आधीच तो टेबलापाशी येऊन उभा. "गडगडे, हे काय चालवलंय? टेलिफोन ऑफिस आहे का हे?"

"साहेब, मी दाबलंच नाही."

"मग मी दाबलं? हे बघा, शनिवारी प्रयोग आहे. पुन्हा एकदा जरी तो फोन कोकलला, तरी रविवारपासून टेबलावर दुसरा माणूस बसेल. तुम्ही प्रेक्षकांत बसा, पहिल्या रांगेची जागा देतो."

पहिली रांग! ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एकही नाटक समोरून पाहिलं नाही, त्याला ही शिक्षाच. विंगेतलं ते टेबल गेलं की संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न घेऊन गडगडे घरी आले.

मग सुरू झाली शोधाशोध. 'फोन'च्या पाठीमागचं पान उघडून प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. चूक नाही. बटण दाबलं, फोन वाजला. नाही दाबलं, नाही वाजला. अगदी आज्ञाधारक. माउस एकाऐवजी दोनदा टिचकी मारत असेल म्हणून माउस बदलला. मग वाटलं, बटणालाच काही बाधा झाली असेल, म्हणून त्याचं नाव बदलून 'घंटी' केलं. झालं! स्क्रिप्ट आपली जुन्याच नावाला हाका मारतेय आणि ओ द्यायला कुणी नाही. लाल अक्षरांत तक्रार, असं काही सापडत नाही म्हणून. ते निस्तरताना भलतीच ओळ पुसली गेली आणि 'ढग' दाबल्यावर पाऊस पडायला लागला.

"अहो, आधी ढग नि मग पाऊस, बरोबरच आहे की," बायको म्हणाली.

"तू गप्प बस गं!"

इंटरनेटवर असल्याच उद्योगाची माणसं एकमेकांना अडचणी सांगतात, तिथं विचारून पाहिलं. एकानं उत्तर दिलं, 'माझ्याकडे तर व्यवस्थित चालतं.' दुसरा म्हणाला, 'हे कशाला वापरता, दुसरं काहीतरी वापरा.' तिसऱ्यानं विचारलं, 'फोन खरोखरच कुणाचा आला नसेल कशावरून?' गडगडेंनी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी त्यांनी स्क्रिप्टमध्ये पाळत ठेवली. एक ओळ अशी घातली, की बटण चालल्याबरोबर पडद्यावर चौकोन यावा आणि त्यात लिहिलेलं असावं, 'मला दाबलं.' चोर आला की ओरडेल. पण घरी चोर येईना. घंटी मात्र दिवसभर वाजत होती, तपासणीपायी. वरच्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत खाली आल्या. "अहो, उचला की तो फोन एकदाचा! कुणाचं काय अडलंय, कळेल तरी!"

"आजी, तो नाटकातला फोन आहे."

"मग नाटकात न्या!"

शुक्रवारी दुपारी गडगडेंचा धीर सुटला. बायकोपुढे संहितेची वही ठेवून म्हणाले, "एक काम कर. मरणाचा प्रवेश वाच. जसा प्रयोग होतो तसा सगळा करून बघू. तिथं वाजतो, इथं वाजत नाही, म्हणजे तिथं काहीतरी आहे जे इथं नाही."

ती भाजी निवडत बसली होती. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात वही. आधी डॉक्टरांचा फोन. गडगडेंनी बटण दाबलं, वाजला, बंद झाला. मग पोरीचं बोलणं. ती वाचायला लागली बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी, सपाट. पण पोरगी म्हणते ना, 'बाबा, सायकल शिकवताना तुम्ही मागून हात कधी सोडलात ते मला कळलंच नाही,' तिथं बाईसाहेबांचाही आवाज दाटून आला. तिला तिचे वडील आठवले.

ट्रिंग ट्रिंग! आणि पडद्यावर चौकोन. 'मला दाबलं.'

"कुणी?" गडगडे ताडकन उठले. "कुणी दाबलं तुला? माउसला हात नाही माझा! बघ, तू साक्षीदार आहेस!"

"आहेच मी साक्षीदार," बायको डोळे पुसत म्हणाली. "माउसला नाही, पण त्या लांबड्या बटणावर तुम्ही केव्हाचं ठोकताय, ते काय?"

गडगडेंनी आपल्या बोटाकडे पाहिलं. ते लॅपटॉपच्या सगळ्यांत लांब पट्टीवर, स्पेसबारवर, टेकलेलं होतं.

गोष्ट अशी, की आयुष्यभर ते आवाजाची जागा बोटानं मोजत आले होते. नट एक वाक्य बोलला, की टेबलावर एक ठोका. पुढचा ढग कितव्या ठोक्याला, हे डोक्याला नाही, बोटाला पाठ. टेबलाच्या जागी लॅपटॉप आला, बोट ठोकत राहिलं. आणि त्या प्रोग्रामची रीत अशी, की जे बटण शेवटी दाबलं, त्याच्याचकडे कान लावून तो बसतो. त्यानंतर स्पेसबार दाबला, की तेच बटण पुन्हा दाबल्यासारखं. 'फोन'भोवती ठिपक्यांची बारीक चौकट दिसायची ती त्याचीच खूण. गडगडे इतके दिवस तिला नक्षी समजत होते! हलक्या ठोक्यानं पट्टी खाली जात नसे. पण पोरीचं बोलणं काळजाला भिडलं, की बोट जड व्हायचं. प्रत्येक प्रयोगाला. त्याच वाक्याला.

"म्हणजे रडू तुम्हाला यायचं आणि ओरडायचा फोन," बायको म्हणाली.

उपाय दोन ओळींचा निघाला. 'फोन' वाजून झाला, की स्क्रिप्टनंच प्रोग्रामचं लक्ष उचलून एका रिकाम्या चौकटीकडे न्यायचं, जिला दाबलं काय न दाबलं काय, सारखंच. बायकोनं वर रुमालाची घडी करून दिली. "टेबलाच्या कडेला ठेवा आणि हिच्यावर ठोका काय ठोकायचं ते."

शनिवारी डॉक्टरांचा फोन वाजला, थांबला. मरणाचा प्रवेश आला. सायकलचं वाक्य आलं. गडगडेंचं बोट रुमालात रुतलं, आणि फोन तोंडातून ब्र काढीना! गडगडेंना इतका आनंद झाला, की स्टेजवर काय चाललंय ते त्यांना दिसलंच नाही. नटीनं वाक्य संपवून फोनकडे मान वळवली होती. ती थांबली. अजून थांबली. बाबांच्या चादरीत चुळबुळ झाली. मग तिनं कसंबसं पुढचं वाक्य घेतलं. लोक खोकले. मागच्या प्रयोगाची कीर्ती ऐकून आलेल्या एक बाई शेजारणीला मोठ्यानं म्हणाल्या, "फोन येतो म्हणाला होतात ना?"

पडदा पडला. दिग्दर्शक टेबलापाशी आला. मागून नटी, तिच्यामागून चादर गुंडाळलेले बाबा.

"गडगडे," दिग्दर्शक घसा खाकरून म्हणाला, "टेबल तुमचंच. पण तो फोन... म्हणजे मरणाच्या प्रवेशातला... तेवढा राहू द्यायला हवा होता. त्याच जागी. सायकलच्या वाक्यावर."

"काका, प्लीज," नटी म्हणाली. "तुमच्यासारखा नेमका कुणाला वाजवता येणार नाही."

गडगडेंनी दोघांकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, आणि ते कडाडले: "आठवडाभर डोकं फोडून बंद केला, आता डोकं फोडून परत चालू करतो! पण तुमच्या त्या मेलेल्या बाबांना बजावून ठेवा, फोन त्यांचाच असला तरी उठायचं नाही!"