चौकातून दिसणारं अक्षर

शिरूर कासारच्या बसस्टँडजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे. तालुक्यात नळाला पाणी नसलं तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा दुष्काळ कधी पडत नाही, त्यामुळे धंदा बरा चालतो.

या थोर समाजकार्यासाठी मी स्वतः एक अक्षर, म्हणजे अख्खा फॉन्ट, घडवलं. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर, दोन उन्हाळे बसून. जाडजूड, गोलमटोल, कुठेही टोक म्हणून नाही. तव्यावर फुगलेल्या भाकरीसारखं. पहिल्यांदा ते एका भावी आमदाराला दाखवलं. तो म्हणाला, "अजून जाड कर बे. चौकातून दिसलं पाहिजे." केलं. पुढच्या भावी आमदाराला त्याहून जाड हवं होतं. शेवटी 'व'च्या पोटातलं भोक तिळाएवढं उरलं, तेव्हा कुठे नेतेमंडळी खूश झाली. ते तिळाएवढं भोक बुजू न देण्यातच माझी सगळी कला होती, पण हे त्यांना सांगून काय उपयोग! माझं नाव मात्र मी खाली कोपऱ्यात टाकायचो, केसासारख्या बारीक अक्षरात. साहेबांच्या बोर्डावर आपण कशाला मिरवायचं?

आई माझी अंगठेबहाद्दर. दिवाळी झाली की वडिलांबरोबर ऊसतोडीला जाते. नको जाऊ म्हटलं तर ऐकत नाही. मागच्या साली फडाजवळच्या पाचटाच्या कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, टाकायला तिने एका साहेबांच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स नेला. छपाईची बाजू मुद्दाम आत केली. पोराचं अक्षर वाचायचं आणि त्यात पोराचं नाव शोधायचं, एवढीच तिची हौस. शेजारच्या कोपीतल्या सातवी शिकलेल्या सुनेला विचारत विचारत ती खरंच वाचायला शिकली.

उन्हाळ्यात परतली ती घडी केलेला फ्लेक्स घेऊनच. ओट्यावर पसरून म्हणाली, "सहा महिने त्या सायबाला शुभेच्छा दिल्या बग. शुभेच्छुकांसकट पाठ हाय. पण तुजं नाव कुटं हाय? लई हुडकलं, न्हाईच घावलं."

मी कोपऱ्यावर बोट ठेवलं. ती वाकली, डोळे बारीक केले.

"हे व्हय? मला वाटलं मुंगळे हायत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावभरच्या टिकोजीरावांना चौकातून दिसेल असं केलं, आणि आईला हातभरावरून दिसेना.

या दिवाळीत ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी मी नवा फ्लेक्स छापला. ना फोटो, ना फेटा. वर तिचं नाव, खाली माझं, होतं नव्हतं तेवढं जाड. तिने बोट फिरवत दोन्ही नावं वाचली. परत वाचली. मग फ्लेक्सची नीट घडी घालून पेटीत ठेवली.

"अगं, कोपीवर टाकायला केलाय."

"चुलीच्या धुरानं काळा पडंल," ती म्हणाली. "त्या सायबाचाच दे. त्यो काळा पडला तर काय बिगडत न्हाई."